भारतरत्न विश्वेश्वरय्या आणि पाण्याची वाटणी

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे मंडळाच्या बैठकीत ठरले. जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई ही नावे हां हां म्हणता वाटली गेली. माझी पाळी आली तेव्हा मी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव सांगितले. दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. इंजिनियर माणसाचे चरित्र आपल्या मंडळात कशाला, आणि तेही सातवी शिकलेल्या बाईने लिहावयाचे, असे त्यांच्या मनात आले असेल, तर त्यात वावगे काही नाही.

पण माझे माहेर नांदेड जिल्ह्यात कंधार तालुक्यातले आणि सासर लातूरचे. दोन्ही घरांत सकाळचा पहिला विचार पाण्याचा. नळ आज येणार का, बोअर किती वेळ चालेल, पाटाला पाळी कधी सुटेल, हेच बोलणे. ज्या माणसाने आपले सारे आयुष्य पाण्याच्या हिशेबात घालविले, त्याची ओळख घराघरांतील बायकांना असावयास हवी, असे मला वाटले. मुलांच्या पुस्तकांतून आणि वाचनालयातून जे वाचले ते माझ्या साध्या भाषेत मांडत आहे.

विश्वेश्वरय्यांचे नाव निघाले की धरणे आठवतात. पंधरा सप्टेंबरला इंजिनियर लोक त्यांच्या तसबिरीला हार घालतात. धरणे त्यांनी बांधली हे खरेच. परंतु त्यांचे एक काम त्याहून अवघड होते आणि ते फारसे कोणी सांगत नाही. साठविलेले पाणी कोणी, किती आणि कोणत्या पिकाला घ्यावे, याची शिस्त त्यांनी घालून पाहिली. या लेखात मला मुख्यतः तेच सांगावयाचे आहे.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानात, मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित होते. घरात विद्या होती, पैसा नव्हता. शाळेच्या वयातच वडील वारले आणि आई वेंकटलक्ष्मम्मा यांच्यावर संसाराचा भार पडला. अशा वेळी मुलाला शाळेतून काढून कोठेतरी चिकटवावे असे सुचणे सोपे असते. या माउलीने तसे केले नाही. मुलगा बंगळुरास मामांच्या आधाराने राहिला आणि एका सधन कुटुंबातील मुलांची शिकवणी करून स्वतःचा खर्च भागवू लागला. १८८१ साली तो बी. ए. झाला.

त्यानंतर म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनियरिंग शिकावयास आले. हेच कॉलेज पुढे पुण्याचे प्रसिद्ध इंजिनियरिंग कॉलेज झाले. १८८३ साली ते सबंध मुंबई इलाख्यात पहिले आले. म्हणजे जन्माने कानडी असले तरी त्यांची विद्या महाराष्ट्रात पुरी झाली. १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांना सहायक इंजिनियरची जागा मिळाली आणि पहिली उमेदवारी नाशिक व खानदेशकडे झाली.

धुळ्याकडे पांझरा नदीचा पाट एका ठिकाणी नळातून पलीकडे न्यावयाचा होता. भर पावसाळा, नदीला पूर, खणलेली जागा वाळूने पुन्हा भरून जाई. नव्या माणसाचा धीर सुटावा असे ते काम होते. ते त्यांनी नेटाने पुरे केले.

येथे मला त्या भागाची एक जुनी रीत सांगितली पाहिजे, कारण पुढची गोष्ट समजावयास ती उपयोगी पडेल. पांझरेच्या काठी पिढ्यान् पिढ्या फडाची पद्धत चालत आली आहे. नदीवर लहान बंधारा घालून पाट काढावयाचा आणि गावाच्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे तुकडे पाडावयाचे. एकेका तुकड्याला फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यावयाचे, म्हणजे एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही, आणि दरवर्षी पीक एका फडातून दुसऱ्यात फिरवावयाचे. शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन बहुधा प्रत्येक फडात असते. पाणी देण्यासाठी पाटकरी आणि पाटावर नजर ठेवण्यासाठी जागल्या नेमलेले. पाऊस कमी झाला की पंच बसून यंदा कोणता फड कोरडा ठेवावयाचा ते ठरवीत. कोरड्या फडात सगळ्यांचीच जमीन असल्यामुळे तोटा एकट्याच्या माथी बसत नसे. घरात दूध कमी आले तर सर्वांच्याच चहात कमी पडावे, एकाची कपबशी रिकामी राहू नये, तशातला हा न्याय. विश्वेश्वरय्यांनी पुढे जी योजना आखली तिचे या फडाशी जवळचे नाते मला दिसते.

पुढे १८९३ च्या सुमारास त्यांना सिंध प्रांतात सक्कर गावी पाठविण्यात आले. गाव सिंधू नदीच्या काठी, पण नदीचे पाणी गढूळ. ते गाळण्यासाठी मोठी यंत्रणा उभारावी इतका पैसा गावापाशी नव्हता. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली आणि वाळूतून झिरपून निवळलेले पाणी वर चढविले. उन्हाळ्यात आपण कोरड्या नदीत वाळू उकरून झरा करतो आणि वाटीवाटीने स्वच्छ पाणी भरतो, तीच ही युक्ती, शास्त्राने आणि मोठ्या मापाने केलेली. गावाला परवडेल तेवढ्यातच काम बसवावयाचे, हा त्यांचा स्वभाव येथे दिसतो.

त्यानंतर सुरतेला काही काळ काढून ते पुण्यास आले. १८९९ साली पुणे भागाच्या पाटबंधाऱ्यांचे काम त्यांच्याकडे आले आणि नेमका त्याच वेळी मोठा दुष्काळ पडला. १८९९-१९०० चा तो दुष्काळ आपल्या वाडवडिलांनी उपासमारीने भोगला. खडकवासल्याच्या तलावातून एकीकडे पुणे शहराला व लष्कराला प्यावयाचे पाणी आणि दुसरीकडे मुठा कालव्यावरच्या बागाइतीला पाणी, अशी दोन तोंडे एका ताटावर होती. आजही सगळीकडे हाच तंटा आहे, म्हणून मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो.

त्यांनी पाहिले तेव्हा कालव्याच्या तोंडाशी असलेले बागाइतदार हवे तेव्हा, हवे तितके पाणी घेत. पाणीपट्टी पिकावर आणि एकरावर ठरलेली. पाणी कमी घेतले म्हणून पट्टी कमी होत नसे आणि जास्त घेतले म्हणून वाढत नसे. मग हात आखडता कोण घेईल? महिन्याला एकच ठरीव रक्कम देऊन कितीही तूप वाढून घ्या असे म्हटले, तर ताटात तूप निथळेलच. वरच्याचे शेत तुंबलेले आणि खालच्याचे तडकलेले, अशी स्थिती होती. विश्वेश्वरय्यांनी पाण्याची पाळी लावली. ठरलेल्या दिवसांनी पाणी सुटेल, ठरलेल्या वेळी आपल्या शेताला मिळेल, मधल्या दिवसांत दार उघडावयाचे नाही. आपल्याकडे पुढे शेजपाळी म्हणतात ती याच जातीची शिस्त. बागाइतदारांनी ओरड केली, पाणी तोडले म्हणून तक्रारी केल्या. ज्याला मोकळा हात मिळालेला असतो त्याला मापही अन्यायच वाटतो. पण दुष्काळात तलाव पुरवावयाचा तर दुसरा मार्ग नव्हता, आणि ते मागे हटले नाहीत.

त्याहून मोठा विचार त्यांनी नीरेच्या कालव्यासाठी केला. तिला ब्लॉक पद्धत म्हणतात. नीरेच्या डाव्या कालव्यावर ऊस वाढत चालला होता. ऊस बारा महिन्यांहून अधिक काळ रानात उभा राहतो आणि त्याला आठदहा दिवसांनी पाणी लागते. रब्बीची ज्वारी तीनचार पाण्यांवर येते, हरभरा तर त्याहूनही कमी पाण्यावर. ज्या गावांत ऊस दाटला तेथे जमीन सदा ओली, पाण्याचा निचरा नाही, काही रान खारवून चोपण होऊ लागले आणि डासांमुळे हिवताप वाढला. खालच्या गावांना कालवा नावालाच होता. म्हणजे पाणी जास्त झालेले गाव आजारी आणि पाणी न मिळालेले गाव भुकेले, असे दुहेरी नुकसान.

विश्वेश्वरय्यांनी सुचविले की कालव्याचे पाणी काही थोड्या गावांत न जिरविता पुष्कळ गावांत पसरावे. प्रत्येक गावात चांगल्या निचऱ्याची सलग जमीन निवडून तिचा एक ब्लॉक करावा आणि त्या ब्लॉकला काही वर्षे पाण्याची हमी द्यावी. मात्र ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्शातच ऊस लावावयाचा. उरलेल्या दोन हिश्शांत कमी पाण्याची पिके घ्यावयाची. पुढच्या वर्षी उसाची जागा बदलावयाची. समजा एकाची नऊ एकर जमीन ब्लॉकमध्ये आली, तर तीन एकर ऊस आणि सहा एकर ज्वारी, गहू, कडधान्य. तीन वर्षांत ऊस सगळ्या शेतातून फिरून येतो. जमिनीला विसावा मिळतो, घरात नगद पैसा येतो आणि कणगीत दाणाही पडतो.

भगिनींनो, या योजनेत मला दोन गोष्टी फार आवडतात. ऊस लावूच नका असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. शेतकऱ्यालाही मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण असते आणि त्याला पैशाचे पीक हवे असते, हे त्यांनी ओळखले होते. फक्त त्याला हद्द घातली. दुसरे असे की त्यांनी पाण्याची खात्री दिली. पाणी येईल की नाही ही धास्ती असली की माणूस आज मिळते आहे तोवर ओढून घेतो. नळ कधी येईल ठाऊक नसले म्हणजे आपणही वाटीसुद्धा भरून ठेवतो आणि नळ आला की शिळे म्हणून ओतून देतो. दिवस नक्की असेल तर लागेल तेवढेच भरतो. खात्रीने हाव कमी होते. एवढी साधी गोष्ट एका मोठ्या इंजिनियरने कालव्याच्या कारभारात आणून दाखविली. १९०१ साली सरकारने हिंदुस्थानच्या पाटबंधाऱ्यांचा विचार करण्यास आयोग नेमला, त्याच्यापुढेही त्यांनी ही पद्धत मांडली.

खडकवासल्याला त्यांनी आणखी एक नामी युक्ती केली. पावसाळ्यात तलाव भरला की सांडव्यावरून कितीतरी फूट उंचीचे पाणी वाहून जाई. ते अडवावे तर धरणाची भिंत वाढवावी लागणार आणि खर्च फार. त्यांनी सांडव्यावर लोखंडी दारे बसविली. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की तरंगत्या पिंपाच्या आणि वजनांच्या योगाने ती दारे आपोआप उघडत, आणि पातळी उतरली की आपोआप मिटत. धरण न वाढविता सुमारे आठ फूट अधिक पाणी तलावात राहू लागले. १९०३ साली हे काम झाले. या दारांचा हक्क त्यांच्या नावावर नोंदला गेला होता, पण आपण पगारी नोकर असताना केलेल्या कामाचे वेगळे पैसे घेणे त्यांना पटले नाही.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. कर्तबगारी असूनही सर्वांत वरची जागा त्या काळी हिंदी माणसास मिळणे कठीण होते. ते परदेशात पाहणी करीत हिंडत असताना २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेस मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली. तेव्हा नांदेड जिल्हा आणि आपले लातूर निजामाच्याच राज्यात होते, हैदराबाद ही आपलीच राजधानी होती. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलाविले. त्यांनी शहराच्या वर, मुसी आणि ईसी या दोन नद्यांवर दोन मोठे तलाव करावे असा सल्ला दिला. पूर तेथे थोपेल आणि तेच पाणी पुढे पिण्यास होईल. त्याप्रमाणे १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पुरा झाला. ज्या पाण्याने घरे बुडविली त्याच पाण्याने पुढे घरच्या घागरी भरल्या.

१९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य इंजिनियर झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण. दिवाणगिरी घेण्यापूर्वी त्यांनी आईला आणि नातेवाइकांना एकत्र करून, कोणासाठीही शब्द टाकावयास कोणी सांगू नये असे बजावले, अशी हकिकत सांगतात. आपल्या घरचा माणूस मोठ्या जागेवर गेला म्हणजे सग्यासोयऱ्यांच्या किती अपेक्षा असतात हे आपण जाणतो. त्या माउलीने हे मान्य केले, यातही तिचा मोठेपणा आहे. त्यांच्या काळात म्हैसूर बँक निघाली, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ झाले आणि कावेरीवरील कृष्णराजसागराचे प्रचंड काम चालू राहिले. ते १९११ मध्ये सुरू होऊन १९३२ च्या सुमारास संपले. त्या पाण्याने मंड्या भाग हिरवा झाला. तरी याच कावेरीच्या वाटणीसाठी म्हैसूर आणि मद्रास यांच्यात १९२४ मध्ये करार करावा लागला आणि पुढेही तो तंटा वारंवार उफाळला. धरण कितीही मोठे बांधले तरी वाटणीचा प्रश्न भिंतीच्या खाली उभाच असतो, हे त्यांच्या सर्वांत मोठ्या कामातही दिसते.

१९५५ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. वयाची शंभर वर्षे ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये ते वारले. शेवटपर्यंत कपडे नीटनेटके, वेळ काट्यावर, आणि लिहिणेवाचणे चालू.

आता त्या ब्लॉक पद्धतीचे पुढे काय झाले, ते सांगितल्याशिवाय चरित्र पुरे होणार नाही. नीरेवर ती काही वर्षे चालली. पुढे साखर कारखाने आले, उसाला भाव आला आणि एक तृतीयांशाची हद्द हळूहळू पुसली गेली. ऊस जेथे पाणी तेथे दाटत गेला. आज महाराष्ट्रात थोड्याशा जमिनीवर असलेला ऊस कालव्यांच्या आणि विहिरींच्या पाण्याचा फार मोठा वाटा पितो, हे सर्व जाणकार सांगतात. तरी वाटणीचा विचार मेला नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तेथे पाणी जमिनीच्या मोजमापावर न देता घरातील माणसांच्या संख्येवर दिले, भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. विश्वेश्वरय्यांनी गावागावांत पाणी पसरले, साळुंख्यांनी ते माणसामाणसांत पसरले.

आपल्या मराठवाड्यात स्वातंत्र्यानंतर धरणे झाली. पैठणला जायकवाडी, नांदेडजवळ विष्णुपुरी, मांजरेवर धनेगावचे धरण. लातूर शहर मांजरेच्याच पाण्यावर वाढले. मांजरा बालाघाटात उगवते, लातूरच्या शिवारातून वाहते आणि नांदेड-निजामाबादच्या सीमेवर गोदावरीला मिळते. म्हणजे माझ्या सासरचे पाणी वाहत वाहत माझ्या माहेरच्या जिल्ह्याच्या कडेला जाते. धरण झाल्यावर मांजरेच्या खोऱ्यात ऊस वाढला, कारखाने उभे राहिले, पुष्कळ घरांत पैसा आला. तो वाईट आला असे मी म्हणणार नाही. आमच्या नात्यातील कित्येक पोरे त्याच पैशावर शिकली. माझ्या भावाचे शेत मात्र कालव्याच्या टेलला आहे. वरच्यांचा ऊस भिजून होईपर्यंत त्याच्या चारीला पाणी पोचत नाही, आणि पोचले तर हरभऱ्याचे घाटे भरण्याची वेळ निघून गेलेली असते. त्याच कालव्याच्या तोंडाशी आमची आतेबहीण दिली आहे. तिचे रान पाणी जास्त होऊन पिवळे पडते. एकाच कालव्यावरच्या या दोन घरांत मला विश्वेश्वरय्यांची नीरा दिसते.

आणि २०१६ साल तर आपण कोणीच विसरणार नाही. ओळीने पाऊस कमी पडला होता, धनेगावचे धरण आटले होते. लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी जमू नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून, साडेतीनशे किलोमीटरच्या सुमारास, रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पुढे पन्नास वाघिणींतून एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. सारा देश लातूरचे नाव घेत होता. आमच्या गल्लीत टँकर आला की घरटी एक बॅरल मिळे आणि त्यावर पुढचा टँकर येईपर्यंत दिवस काढावे लागत. अंघोळीचे पाणी परातीत धरून धुण्याला, धुण्याचे फरशीला आणि शेवटी कुंडीतल्या तुळशीला, असे एकेक पाणी तीनतीन वेळा वापरले. म्हाताऱ्या सासूबाईंनी तर तोंड धुण्याला एक तांब्या ठरवून घेतला होता.

त्या दिवसांत मला सारखे वाटे, आपला मुलूख काही वाळवंट नाही. वर्षाला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस आपल्याकडे पडतो. मग आगगाडीने पाणी आणण्याची वेळ का यावी? पाऊस दोन-तीन वर्षे हुकला हे खरे. पण जे साठले होते ते कोणत्या पिकाला किती द्यावयाचे, प्यावयाचे आधी किती राखावयाचे, हे चांगल्या सालीच ठरलेले असेल तरच वाईट साल निभावते. घरातही दाणे सुगीच्या दिवसांतच मोजून ठेवतात. आषाढात कणगी खडबडल्यावर मापटे हाती घेऊन उपयोग काय?

विश्वेश्वरय्यांच्या कामातून मी माझ्यापुरते तीन धडे घेतले आहेत. पाणी मोजल्याशिवाय वाटता येत नाही. पाण्याचा दिवस पक्का असेल तर माणूस साठेबाजी करीत नाही. आणि तोटा आला तर तो सगळ्यांत वाटला गेला पाहिजे, टेलच्या एकट्याच्या गळ्यात पडता कामा नये.

भगिनींनो, कालव्याची दारे आपल्या हातात नाहीत. पण घरात पाण्याची वाटणी आपणच करतो, आणि शेतात कोणते पीक घ्यावयाचे हे बोलणे चुलीपाशी निघते तेव्हा आपण तेथे बसलेल्या असतो. पुढच्या लागणीला रानातला थोडा ऊस कमी करून तूर-हरभरा घ्यावा, उसाला ठिबक बसवावे, असा शब्द आपण टाकू शकतो. मी भावजयीला तसे सांगितले आहे. भाऊ हसला, पण यंदा त्याने शेजारच्या दोघांना बरोबर घेऊन पाळीचे दिवस कागदावर लिहून काढले आहेत, एवढे मात्र झाले.

आपल्या मंडळानेही येत्या उन्हाळ्याआधी एक लहानसे काम हाती घ्यावे अशी माझी विनंती आहे. प्रत्येकीने आठ दिवस आपल्या घरात रोज किती घागरी पाणी लागते ते पाटीवर खडूने मांडावे आणि ते आकडे घेऊन आपण एका दुपारी बसावे. कोणाचे जास्त, कोणाचे कमी, यावरून कोणीही कोणाला हसावयाचे नाही. नुसता हिशेब समोर ठेवावयाचा. विश्वेश्वरय्यांनी नीरेच्या काठी मोठ्या वहीत जे केले, ते आपण आपल्या गल्लीत लहान पाटीवर करू. पाटी आणि खडू मी घेऊन येईन.